लूपर असलेलं डिले पेडल किती टिकतं? आणि एको सोडून त्याचा काही उपयोग होतो का?

डिले पेडल म्हणजे गिटारसारख्या वाद्याचा आवाज एकोसारखा परत ऐकवणारी, पायाने चालवायची पेटी. लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवत राहणारी त्यातली सोय. माझं पेडल नऊ वर्षांचं आहे. त्याचा लूपचा स्विच दोनदा बदलून झालाय, आतलं सर्किट मात्र तसंच आहे. एकूण काय, पेटी टिकते, पायाखालचा भाग झिजतो.

सर्वात आधी जातात त्या दोन जागा: पायाचा स्विच आणि पॉवरचं सॉकेट. बऱ्याच पेडलांत सॉकेट थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. वायर कुणाच्या पायात अडकली की झटका त्या सोल्डरला बसतो. मग वायर धरली की चालू, सोडली की बंद. माझ्यावर ही वेळ आली ती गणपतीत, मंडळाच्या स्टेजवर, गाणं अर्ध्यात असताना. तेव्हापासून अ‍ॅडॉप्टरची वायर थोडी ढिली ठेवून पेडलखालच्या फळीला बांधतो. स्विच आणि सॉकेट पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात, पण जुना भाग काढून सोबत न्या, मापात हमखास फसगत होते.

सेकंडहँड घेत असाल तर अ‍ॅडॉप्टर आधी बघा. बहुतेक पेडलं 9 व्होल्ट डीसीची, पिनच्या मध्ये निगेटिव्ह. घरातल्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर सहसा याच्या उलटा असतो, तो लावायचा मोह टाळा. 1999 साली आलेल्या, लाइन 6 कंपनीच्या डीएल4 या लूपरवाल्या डिले पेडलला तर 9 व्होल्ट एसी लागतो. पावसाळ्यात जॅक खरखरू लागले तर पेडल बिघडलं असं लगेच समजू नका, आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

आता उपयोग. एकोसाठी एवढा खर्च करू नका. माझ्यासाठी लूपर म्हणजे न कंटाळणारा लेहरेवाला, म्हणजे तबल्याच्या साथीला एकच धून (लेहरा) फिरवत राहणारा. मित्र तबल्याचा रियाज करतो, मी तीनतालाच्या एका आवर्तनाचा लेहरा वाजवून लूप करतो आणि हात मोकळे. जुन्या डीएल4 मध्ये लूप जेमतेम 14 सेकंदांचा. म्हणजे मिनिटाला 70 मात्रांची लय धरली तर सोळा मात्रा 13.7 सेकंदांत कशाबशा बसतात, 60 ला बसत नाहीत. यावर तोड अशी: हाफ स्पीडवर रेकॉर्ड केलं की वेळ दुप्पट मिळते. तोच लूप मग पूर्ण वेगात सोडला की लय दुप्पट आणि सूर एक सप्तक वर. खर्जातल्या तारेवरचा साधा तुकडा अचानक मेंडोलिनसारखा किणकिणायला लागतो. हा नाद मला ठरवून सापडलेला नाही, चुकून बटण दाबलं गेलं होतं.

नवख्यांची चूक एकच: सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ऐकून मग लूपचं बटण दाबतात. तोवर उशीर झालेला असतो आणि प्रत्येक आवर्तनात तेवढी ठेच लागते. पाय समेवरच पडला पाहिजे. आणि हलका पडला पाहिजे. मी पहिला स्विच बूट घालून, जोर लावून मारला, म्हणूनच दोन वर्षांत गेला. हल्ली चप्पल काढून अंगठ्याने दाबतो.

एक अडचण सांगून ठेवतो. तबलजी रंगात आला की लय वाढवतो, लूप काही वाढवत नाही. माझा मित्र आधी पेडलला शिव्या द्यायचा. मग एकदा त्याने स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं. आता तोच फोन करून विचारतो, ‘येताना लेहरेवाल्याला आणतोयस ना?’