औषधांच्या खोलीत मास्क टांगू नका

प्रश्न: शेतावर कुलूप लागणारी एकच खोली आहे. कीटकनाशकं, तणनाशकं, विद्राव्य खतं, युरिया, गंधकाची भुकटी, इंजिनाचं डिझेल आणि बियाण्याच्या पिशव्या असं सगळं तिथेच असतं. मास्क, हातमोजे, चष्माही तिथेच खिळ्याला टांगतो. मास्क फारसा वापरलेला नसताना या वेळी फवारताना आत औषधाचा वास आला. मास्क खराब लागला का? धान्यात ठेवायच्या गोळ्यांची अर्धी डबी उरली आहे, ती कुठे ठेवावी?

उत्तर: मास्कमध्ये खोट असण्यापेक्षा तो खिळ्यावरच वापरून संपला असण्याची शक्यता जास्त आहे. मास्कच्या बाजूच्या डब्यांत (कार्ट्रिजमध्ये) सक्रिय कोळसा भरलेला असतो. हवेतली औषधाची वाफ तो शोषून घेतो. तुम्ही श्वास घेताय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सील फोडलं की त्याचं काम सुरू होतं, आणि बंद खोलीत द्रव औषधांतल्या द्रावकांची (औषध ज्यात विरघळवलेलं असतं त्या पातळ पदार्थांची) वाफ सतत असतेच. रात्रंदिवस ती शोषून कोळसा भरला की पुढची वाफ थेट तुमच्या नाकात येते.

म्हणून पहिलं काम हे करा: संरक्षक साहित्य त्या खोलीतून बाहेर काढा. फवारणी झाली की कार्ट्रिज मास्कपासून सोडवा, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा आणि सील फोडल्याची तारीख त्याच्यावरच पेनाने लिहा. वास आला की ते बदलायचंच, पण वासाची वाट पाहू नका. काही विषांना वास नसतो, काहींचा येतो तोवर उशीर झालेला असतो. उत्पादकाने दिलेली मुदत पाळा. रबरी मुखवटा साबणाच्या पाण्याने पुसून, सावलीत वाळवून, दाबला जाणार नाही असा आडवा ठेवा. पट्ट्याला लटकवला तर त्याचा आकार बदलतो आणि गालाशी फट राहते. धुळीसाठीचा साधा कागदी मास्क वाफ अडवत नाही, त्याच्या भरवशावर द्रव औषध मारू नका.

हातमोज्यांचा धोका वेगळा. आतून औषध लागलेला मोजा घालण्यापेक्षा हात उघडा बरा, असं मी सरळ सांगतो. मोज्याच्या आत त्वचा गरम आणि घामट होते, आणि तशा त्वचेतून औषध जास्त शिरतं. काढण्याआधी हातात असतानाच मोजे बाहेरून साबणाने धुवा, मग काढून पालथे वाळवा. अधूनमधून पाणी भरून गळती पाहा. नायट्राइल रबराचे मोजे बऱ्याच औषधांना टिकतात, पण ऊन आणि उष्णतेने तेही चिरतात. चामड्याचे मोजे आणि चामडी बूट औषध शोषून घेतात, ते धुऊन निघत नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा.

साहित्य बाहेर ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत मोठं वाटतं. कॅन फुटला, औषध जमिनीवर पसरलं, तर मोजे आणि मास्क आणायला त्याच विषातून चालत जायचं का? सांडलेलं आवरण्यासाठी कोरडी वाळू, फावडं, झाकणाचा डबा आणि साहित्याचा एक पूर्ण संच दाराबाहेर, हाताशी हवा. पाणी आणि साबणही बाहेरच.

आता खोलीतला शेजार पाहू. कुलूप लहान मुलांना आणि जनावरांना बाहेर ठेवतं, ते हवंच. पण आत कोण कोणाला खेटून बसलंय हे कुलपाला कळत नाही. बियाणं आणि पशुखाद्य आजच हलवा. टू-फोर-डी तणनाशकाच्या काही प्रकारांची वाफ सहज होते. ती बियाण्यात किंवा दुसऱ्या औषधात मुरली तर पुढच्या हंगामात रोपं वाकडी येतात आणि कारण सापडत नाही. तणनाशकं कीटकनाशकांपासून वेगळ्या मांडणीवर ठेवा.

सर्वांत जास्त काळजी मात्र मला विद्राव्य खतांची वाटते, कारण त्यांना कोणी घाबरत नाही. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला ऑक्सिजन पुरवतं. त्याच्या शेजारी तुमची गंधकाची भुकटी आहे. बंदुकीच्या जुन्या दारूत हे दोन घटक आणि कोळसा एवढंच असे. डिझेलचा डबाही तिथेच. अमोनियम नायट्रेट असेल तर आणखी जपा: ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या सुमारे २,७५० टन साठ्याचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तुमच्याकडे काही पोती असतील, पण रसायन तेच आहे. नायट्रेटची सगळी खतं डिझेल, पेट्रोल, ग्रीस, गंधक, भुसा आणि गवतापासून दूर, शक्यतो दुसऱ्या छपराखाली ठेवा. नायट्रेटच्या सांडलवंडीवर लाकडाचा भुसा टाकू नका. युरिया आणि अमोनियम नायट्रेटही वेगळे ठेवा. दोन्ही मिसळले की कोरड्या हवेतलीही ओल ओढतात आणि त्यांचा चिखल होतो.

आग लागलीच तर झाकून किंवा वाळू टाकून नायट्रेट विझत नाही, ऑक्सिजन त्याच्यातच असतो. सुरुवातीलाच भरपूर पाणी मारता आलं तर ठीक, नाहीतर माणसं लांब हलवा आणि अग्निशमन दलाला आत काय काय आहे ते सांगा. त्यासाठी साठ्याची यादी खोलीबाहेर असावी.

मांडणीचं थोडक्यात: द्रव खाली, भुकटी वर. उलट ठेवलं तर गळणारी बाटली खालच्या पुड्या भिजवते. फळ्या लोखंडी किंवा प्लास्टिकच्या, औषध न शोषणाऱ्या. खताची पोती फरशीवर नकोत. दाराशी उंबरठा असा घाला की सर्वांत मोठा कॅन पूर्ण फुटला तरी सगळं आत मावेल आणि वर दहा टक्के जागा उरेल. झरोके वर आणि खाली दोन्हीकडे, कारण द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते.

गोळ्यांचं उत्तर वेगळं देतो. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. तो जास्त साचला तर आपोआप पेटूही शकतो. या विषावर खास उतारा नाही, आणि फवारणीच्या मास्कचं कार्ट्रिज या वायूला अडवेलच असं नाही. उघडलेली डबी राहत्या घरात, झोपायच्या खोलीत, धान्याच्या कणगीजवळ अजिबात नको. मूळ डबी घट्ट बंद असेल तरच ती कोरड्या, हवेशीर, कुलपातल्या बाहेरच्या जागी ठेवा. झाकण नीट बसत नसेल, डबी फुगलेली असेल किंवा लसणासारखा वास येत असेल तर उघडून पाहू नका, पाणी तर मुळीच ओतू नका. दारं उघडी ठेवून बाहेर पडा आणि कृषी कार्यालयाला कळवा. पुढच्या वेळी लागतील तेवढ्याच गोळ्या, प्रशिक्षित माणसाच्या हातूनच वापरा.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगतो. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीत कधीही ओतू नका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. रिकामी बाटली औषध कालवतानाच पाव भाग पाणी भरून, बंद करून, ३० सेकंद हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा करा. मग तळाला भोक पाडा, म्हणजे ती कोणी घरी नेणार नाही.

प्रत्येक औषधाचं सुरक्षा माहितीपत्रक विक्रेत्याकडून मागून घ्या. त्यात १६ भाग असतात. साठवणूक सातव्यात, मोजे आणि मास्क कोणता ते आठव्यात, काय कशाशेजारी नको ते दहाव्यात. सगळं वाचायला वेळ नसेल तर हे तीन वाचा आणि प्रती यादीसोबत दाराबाहेर ठेवा. कोणाला विषबाधा झाली तर दवाखान्यात जाताना लेबल सोबत न्या, आणि लेबलवर किंवा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करायला लावू नका.