किशोरीताई ऐकायला सुरुवात करतोयस ना? मग हे वाच

अरे पहिलं काम म्हणजे त्या 'बेस्ट ऑफ' टाइप प्लेलिस्ट बंद कर, तुकड्या-तुकड्यात ऐकून किशोरीताई आमोणकर हाताला लागत नाहीत. आम्ही फोंड्याहून पणजीला कला अकादमीत जायचो, परतीची बस चुकणार हे माहीत असायचं तरी, आणि पडदा उघडल्यावर बराच वेळ नुसते तानपुरेच लागत असायचे. ताईंच्या मांडीवर स्वरमंडळ, म्हणजे ते तारांचं छोटं वाद्य, डोळे मिटलेले, एक खुंटी केसभर पिळायची, ऐकायचं, परत पिळायची. शेजारचे काका घड्याळ बघत बसलेले, मी पण पहिल्या वेळी जाम वैतागलो होतो, पण मग षड्ज, म्हणजे सा, लागला आणि कळलं की ते सगळं गाण्यातच धरायचं होतं.

ताई 2017 मध्ये वारल्या, आता रेकॉर्डिंगच ऐकायचं, पण त्यातही सुरुवातीचा भाग पुढे सरकवून टाळू नकोस रे.

भूप राग घे आधी. सा रे ग प ध, पाचच स्वर, नवख्याला सोपं पडतं. आठवडाभर तोच, विलंबितापासून, म्हणजे संथ लयीच्या भागापासून, आणि ताना (त्या भरभर स्वरांच्या लडी) मोजू नकोस, गंधारावर, म्हणजे ग वर, ताई कुठून कुठून येतात तेवढंच बघ. स्कूटरवर इअरफोन लावून तर अजिबात नको.

नंतर माईंचं, म्हणजे ताईंच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकरांचं ऐक, जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम काय ते तिथे दिसेल. त्यांचं गाव कुर्डी इथल्या साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलंय, मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं. येत्या मे मध्ये कुर्डीला जाऊया, पाण्याची बाटली आण, तिथे सावली नाही.