मनात शंका आणि ओठांवर स्तुती: हे ढोंग आहे का?

“रविवारी मी माइकसमोर उभा राहतो, डोळे मिटतो, आणि जे मलाच खरं वाटत नाही ते सगळ्या मंडळीला गायला लावतो. गाणं सोडून देऊ का?”

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायात, उपासनेची गीतं चालवणाऱ्या तिशीतल्या एका तरुणाचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) धाकट्या भावाच्या आजारपणात मंडळीने सात महिने प्रार्थना केली होती. भाऊ गेला. तिसऱ्याच रविवारी हा गिटार घेऊन पुन्हा पुढे उभा होता, कारण यादीत त्याचं नाव होतं. हीच चिंता घेऊन गाणारे अनेक जण समुपदेशनाला येतात. कारणं वेगळी असतात: पोटातलं बाळ गमावणं, मोडलेलं लग्न, कधी विशेष काही न घडता हळूहळू आटत गेलेली प्रार्थना.

त्याला नेहमीच्या पाच गीतांचे कागद घरी घेऊन बसायला सांगितलं. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने एक खूण करायची. आज मनापासून म्हणता येते तिथे बरोबरची खूण, म्हणता येत नाही पण यावी असं वाटतं तिथे टिंब, ओठांवरच येत नाही तिथे फुली. गाणं म्हणायचं नाही, चाल आठवायची नाही, कारण चाल माणसाला ओळीवरून वाहून नेते आणि आपण काय म्हटलं ते कळतच नाही.

कागद परत आले तेव्हा देव नेहमी राखतो अशा अर्थाच्या एका ओळीवर फुली इतकी दाबून मारलेली होती की कागद फाटला होता. पण एकंदरीत फुल्यांपेक्षा टिंबं जास्त होती. आणि ‘हे प्रभू’, ‘हे देवा’ अशी नुसती हाक होती तिथे सगळीकडे बरोबरची खूण. “हाक मारताना खोटं वाटत नाही,” तो म्हणाला. पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं राहिलं.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. 13वं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं, पण पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. मग दोन वचनं मागणी, आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा. 88व्या स्तोत्रात मात्र तेवढंही वळण नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. या दोन्ही स्तोत्रांच्या शिरोलेखात, म्हणजे स्तोत्राच्या वर दिलेल्या ओळीत, मुख्य गवयाचा उल्लेख आहे. म्हणजे ही तक्रार एकट्याने कोपऱ्यात पुटपुटण्यासाठी नव्हती, ती सगळ्यांनी मिळून गाण्यासाठी गवयाच्या हाती दिलेली होती. त्या तरुणाने शिरोलेख कधी वाचलाच नव्हता. बहुतेक जण वाचत नाहीत.

विलाप आणि नुसती कुरकुर यांत फरक ओळखायचा तर गीत कोणाशी बोलतं ते पाहावं. ‘देव ऐकत नाही’ हे देवाच्या पाठीमागे बोलणं झालं. ‘तू का ऐकत नाहीस?’ हे त्याच्या तोंडावर बोलणं, आणि तीच प्रार्थना. नवीन गीत लिहिताना आधी हाक, मग तक्रार, मग मागणी असा क्रम ठेवावा. भरवशाचं कडवं येत असेल तर यावं, ओढून आणू नये.

त्याने 13व्या स्तोत्रावर स्वतः चाल बांधली. पहिला प्रयोग फसला. विलापानंतर लगेच टाळ्यांचं जलद गीत ठेवलं होतं, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी घाईघाईने डोळे पुसून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ते पाहून त्याला फार वाईट वाटलं. मग काही बदल केले. विलाप पाच गीतांत तिसरा ठेवला, म्हणजे आधी लोक जमतात आणि नंतर सावरायला जागा उरते. त्यानंतर आठ संथ श्वासांची शांतता. कीबोर्डचा खालचा सूरही बंद, कारण तो सूर लोकांनी काय अनुभवावं ते सुचवत राहतो. आता थोडं शांत राहू, असं आधी सांगायचं, नाहीतर माइक बंद पडला असं वाटतं. चाल एका सप्तकात बसेल अशी, पट्टी एक-दोन स्वर खाली. भरलेल्या गळ्याला वरचा स्वर लागत नाही. धृपद दोनदाच, आणि शेवटी पट्टी चढवायची नाही. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घेतलं, तेव्हा ज्यांना आज म्हणता येत नाही त्यांनाही त्या ओळीत उभं राहता आलं.

हे सगळं पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, आधी सांगून केलं. ते राहून गेलं की विलापाचा अर्थ बंडखोरी असा लावला जातो. स्वतःची ताजी जखम माइकवरून उघडी करायची नाही, हेही ठरवलं; त्यासाठी दोन विश्वासू माणसं आणि समुपदेशनाची खोली आहे. आणि झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. जगू नये असं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये, जवळच्या माणसाला सांगून त्याच दिवशी जावं. नैराश्याला अविश्वास समजून लोक महिनोन् महिने उपास करत बसतात, आणि त्यात फार नुकसान होतं.

गाणं त्याने सोडलं नाही. महिन्यातून दोन रविवार दुसऱ्याकडे दिले. चार महिन्यांनी काही टिंबांच्या जागी बरोबरच्या खुणा आल्या होत्या. फाटलेल्या कागदावरची फुली तशीच आहे. ती ओळ आली की तो माइकपासून अर्धं पाऊल मागे सरतो, गिटार चालू ठेवतो, आणि ओळ मंडळी गाते.