लिफाफा आला त्या दिवशीच उघडायचा

अगं,

तुझा फोन आला तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे अकरा असतील, इथे पहाटेचे साडेतीन वाजले होते. माझ्या वयाच्या माणसाचा फोन त्या वेळेला वाजला की एकच विचार येतो, कोण गेलं. काकू पण दचकून उठून बसली. मग तू रडत रडत म्हणालीस की काका मला परत यायचंय, तेव्हा खरं सांगतो, हायसंच वाटलं मला. म्हटलं चला, सगळे आहेत जागेवर.

तुझ्या बाबांना मी काही बोललेलो नाही. आज सकाळी आम्ही नेहमीसारखे पोहे खाल्ले, ते दुकानदाराला पण सांगत होते की पोरगी जर्मनीत मस्त सेट झालीये, मी आपला जिलबीकडे बघत बसलो.

आता हिंमत ठेव, होईल सगळं नीट, हे तुला बाकीचे सांगतीलच, त्यात मी वेळ घालवत नाही. मला त्या फोटोबद्दल बोलायचंय. फोन ठेवल्यावर तू खोलीचा फोटो पाठवलास ना, बघा काका कसला अंधार आहे म्हणून. अंधाराचं मी काय करू? नोव्हेंबरात ड्रेस्डेनला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात चारच्याही आधी, ते तसंच असणार. मी फोटो झूम करकरून खिडकी बघितली. खिडकीच्या फळीवर लिफाफ्यांची चळत, मोजले मी, अकरा, आणि त्यावर वजन म्हणून आईने दिलेली जिरावणाची, त्या पोह्यांवरच्या मसाल्याची, बरणी. अकराच्या अकरा बंद! आणि खालून तिसरा पिवळा.

तू फोनवर अर्धा तास बोललीस. लेक्चर डोक्यावरून जातं, रूममेट बोलत नाही, रविवारी सगळी दुकानं बंद, मेन्सामधलं, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमधलं, जेवण फिकं, सगळं सांगितलंस. लिफाफ्यांचं एक अक्षर नाही. त्यावरूनच कळलं दुखणं कुठे आहे ते.

म्हणून एकच सांगतो आणि परत परत सांगणार आहे, कंटाळलीस तरी. लिफाफा आला त्या दिवशी उघडायचा. समजो न समजो, जर्मन असो, आकडे असोत, धमकी असो. जिन्यातच उघडायचा, चपला काढायच्या आधी.

आपल्याकडे आता पोस्टाने येतं काय, लग्नाची पत्रिका नाहीतर कुठलं तरी कॅलेंडर. कामाचं सगळं फोनवर. त्यामुळे तुझ्या पिढीला वाटतं कागदावर आलं म्हणजे बिनकामाचं. तिथे उलटं आहे. तू गेल्या गेल्या पत्ता नोंदवलास, दोन आठवड्यांत नोंदवायचा असतो तो, घरमालकाचा कागद घेऊन गेलीस, छान केलंस. पेटीवर तुझ्या नावाची चिकटपट्टी लावलीस, ते तर फारच छान, कारण तिथे पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो, फ्लॅट नंबर वगैरे भानगड नसते. पण यानंतर काय होतं? तू तिथे राहतेस हे सगळ्या खात्यांना कळतं आणि सगळी तुला लिहायला लागतात. तू बोलावलंस आणि आता दार उघडत नाहीयेस.

त्या अकरांत काय असेल ते मी इथे इंदूरला लोकमान्य नगरात बसून बरंचसं सांगू शकतो. एक बँकेचं कार्ड, आणि दुसरा जवळजवळ तसाच दिसणारा त्याच्या पिनचा, दोन्ही कधी एकत्र पाठवत नाहीत. तू म्हणालीस कार्ड अजून आलं नाही, कॅश संपत आली. अगं बये, ते तुझ्या बरणीखाली असेल! एक टॅक्स नंबरचा, अकरा आकडी, तो जन्मभर तोच राहतो, नीट जपून ठेव, उद्या पार्टटाइम काम धरलंस तर पहिल्या दिवशी मागतील. एकदोन हेल्थ इन्शुरन्सचे, बहुतेक फोटो मागत असतील कार्डासाठी. आणि एक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचा. तो फसवणुकीचा वाटतो सगळ्यांना, मी तर टीव्ही बघत नाही म्हणतात, पण टीव्ही असो नसो, घरटी महिन्याला १८.३६ युरो असतात. घरटी, माणशी नव्हे. तेव्हा तुमच्या फ्लॅटमध्ये आधीच कोणी भरत असेल तर त्याचा नंबर कळवून विषय संपतो. म्हणजे त्या न बोलणाऱ्या रूममेटशी बोलावं लागेल. विषय तरी मिळाला बोलायला.

पिवळा मात्र वेगळा. पिवळा म्हणजे सरकारी किंवा कोर्टाचा. त्यावर पोस्टमनने हाताने तारीख लिहिलेली असते, बघ. त्या तारखेला तो तुला मिळाला असं कायदा धरून चालतो, तू उघडलास की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, आणि उत्तर द्यायची मुदत तिथून मोजायला लागतात. बरणीखाली ठेवलं म्हणून मुदत थांबत नाही. आत काय आहे ते मला इथून दिसत नाही, किरकोळ दंड असेल, एखादा कागद मागितला असेल. काहीही असलं तरी ते आज जेवढं आहे त्यापेक्षा परवा मोठं असेल.

मला कसं माहीत म्हणशील.

१९९२ च्या ऑक्टोबरात मी कोलोनला गेलो. तुला एवढंच माहितेय की काका जर्मनीत होते आणि मग वडिलांना हार्टचा त्रास झाला म्हणून परत आले. सगळ्या इंदूरला एवढंच माहितेय. ते खोटं नाही, बाबांना त्रास होता, पण तो मी जायच्या आधीपासून होता.

झालं असं की पहिल्या सेमिस्टरला एका पेपरचा निकाल टाइप केलेल्या लिफाफ्यात आला आणि मी नापास होतो. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानंतर टाइप केलेला पत्ता दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा, मी तो लिफाफा शेल्फवर डिक्शनरीच्या मागे ठेवायचो, रविवारी बघू म्हणून. आईची पत्रं मात्र जिन्यात उभ्या उभ्या फाडायचो. (आई पत्त्यात ५००० कोलोन लिहायची. १९९३ च्या १ जुलैला सगळ्या जर्मनीचे पिनकोड चार आकड्यांचे पाच आकडी झाले, मी तिला दोनदा कळवलं, तिने शेवटपर्यंत ५००० च लिहिलं आणि एकही पत्र हरवलं नाही.) तूही तसंच केलंस ना, आईचं पार्सल आलं तेव्हा जिन्यातूनच व्हिडिओ कॉल लावलास, शेव सांडली पायरीवर.

तर डिक्शनरीमागच्या एका लिफाफ्यात एवढंच होतं की पुढच्या सेमिस्टरची फी अमुक तारखेपर्यंत भरा. फी किरकोळ होती, पैसे होते माझ्याकडे. दुसऱ्यात आठवण, लेट फीसकट. तिसऱ्यात नाव कमी केल्याचं. तिन्ही मी एकाच दिवशी उघडले, एप्रिलमध्ये, पलंगावर बसून, डिक्शनरी घेऊन, तीन तास लागले. ऑफिसात गेलो तर त्या बाई चांगल्या होत्या बिचाऱ्या, त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं, गेल्या शुक्रवारपर्यंत आला असतात तर. शुक्रवारी मी काय करत होतो माहितेय? खोलीत बसून घरी पत्र लिहीत होतो की इथे सगळं उत्तम चाललंय.

विद्यार्थी नाही म्हटल्यावर व्हिसाचं गाडं अडलं, ऑगस्टमध्ये मी इंदूरला परत.

आता मला त्याचं वाईट वाटतं असं समजू नको. पोलोग्राउंडला वर्कशॉप टाकलं, आज चौदा माणसं आहेत, तिथे राहिलो असतो तर कुठल्यातरी कंपनीत डिझाइनच्या टेबलावर रिटायर झालो असतो. शिवाय आईबाबांचं शेवटचं सगळं मी हाताने केलं, ते कितीजणांना मिळतं? मी वाईट वाटून घेत नाही. फक्त एक आहे, परत यायचं हे मी ठरवलं नव्हतं. मी ठरवून परत आलो असतो तर आज हे पत्र लिहायला बसलोच नसतो. जाऊ दे, विषय माझा नाहीये.

विषय हा की तुला परत यायचं असेल तर ये. खरंच ये, मी स्वतः स्टेशनला, चुकलो, एअरपोर्टला येईन घ्यायला आणि बाबांशी पण मीच बोलेन. पण अकरा लिफाफे उघडून मग ये.

आणि भाषेचं कारण मला देऊ नको. मी एकेक शब्द शोधून वाचायचो, तुझ्या फोनचा कॅमेरा कागदावर धरला की मराठीत दिसतं. दिसतं ते भयंकर मराठी असतं, पण तारीख आणि रक्कम कळते, पहिल्या दिवशी तेवढंच लागतं. नाही कळलं तर कागद घेऊन स्टुडेंटेनवेर्कमध्ये जा, तिथे विद्यार्थ्यांच्या अशाच भानगडी सोडवायला माणसं बसलेली असतात, पैसे पडत नाहीत. बंद लिफाफा घेऊन मात्र जाऊ नको, ते पण हसतील.

बाकीचं तू शिकशीलच. रविवारचं दूध शनिवारी आणायचं. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या फेकायच्या नाहीत, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की प्रत्येकी २५ सेंट परत. कचऱ्याचे डबे तुला कळत नाहीत म्हणालीस तेव्हा मात्र मला राग आला, अगं २०१७ पासून स्वच्छतेत नंबर आणणाऱ्या गावची तू, कचरागाडीचं गाणं ऐकत मोठी झालीस, पिवळ्यात पॅकिंग, निळ्यात कागद, ब्राउनमध्ये ओला, यात काय अवघड आहे? लिफाफे निळ्यात. उघडलेले.

तू तो फ्राउएनकिर्शंचा फोटो पाठवून विचारलं होतंस की एवढं सुंदर चर्च आणि भिंतीवर काळे डाग का, धूत नाहीत का. ते डाग नाहीत, जुने दगड आहेत. १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये कोसळलं, जवळजवळ पन्नास वर्षं ढिगारा तसाच पडून होता. मी १९९३ च्या मे महिन्यात, नाव कमी झाल्यावर, दुसरं काही सुचेना म्हणून रेल्वेने हिंडत ड्रेस्डेनला आलो होतो, तेव्हा तो ढिगारा उपसायचं काम चाललेलं. एकेक दगड काढायचे, मोजायचे, नंबर घालायचे आणि मांडणीवर ठेवायचे. मी कुंपणापाशी उभा राहून बराच वेळ बघत होतो. एक माणूस एकाच दगडाला टेप लावून कितीतरी वेळ बसला होता, मला वाटलं हे काय कधी संपत नाही. २००५ मध्ये उभं राहिलं.

तर आता हे वाचून झालं की फोन बाजूला ठेव. पिवळा आधी. मग बँकेचे दोन. जेवढे उघडशील त्यांच्यावर पेनने आजची तारीख घाल आणि मला फोटो पाठव, सगळ्या पानांचे, मागच्या बाजूचे पण, तिथे मागेच महत्त्वाचं लिहिलेलं असतं. मी इथे साडेअकरापर्यंत जागा असतो, म्हणजे तुझे सात. पहाटे साडेतीनला केलास तरी उचलेन, पण काकूला सांगून ठेवतो.

आणि ती बरणी खिडकीतून काढ, खाली हीटर असतो, काचेला पाणी सुटतं, जिरावण ओलं होईल.

तुझा काका