लेक निघाली वेल्सच्या खाणगावात

(ब्रिटनमधल्या वेल्सच्या ऱ्हॉन्दा या खाणींच्या खोऱ्यात पंचवीसेक वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करून कोल्हापुरात परतलेले आमचे डॉक्टर या अंकात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी नर्स आहे. वेल्समधल्या मर्थर टिडफिल गावी सरकारी हॉस्पिटलात तिची निवड झाली आहे. नेटवर बघावं तर एकच रडगाणं : कोळशाच्या खाणी बंद झाल्या, तरुण पोरं निघून गेली, गावं ओस पडली. पाहुणे म्हणतात, लंडन मिळेपर्यंत थांब. एकट्या पोरीला अशा ठिकाणी धाडावं का? माणसं कशी आहेत तिथली? (एक आई, कागल)

उत्तर : ताई, बिनधास्त पाठवा. लंडनला निम्मा पगार भाड्यात जाईल आणि शेजारी कोण राहतं ते वर्षभर कळायचं नाही. मर्थरला पहिल्या आठवड्यातच शेजारीण दार वाजवेल. तू कुठली, आई काय करते, लग्न झालं का, एवढं सगळं काढून घेतल्याशिवाय ती हलायची नाही. थोडक्यात, कागलच; फक्त पाऊस बाराही महिने.

गावं ओस पडली हे अर्धं खरं. १९१३ साली दक्षिण वेल्समधून साडेपाच कोटी टनांच्या वर कोळसा निघाला, दोन लाखांहून जास्त माणसं खाणींत कामाला होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात सेंघेनिदच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार आणि त्यांना काढायला गेलेला एक जण गेला. ब्रिटनच्या खाणींत त्याहून मोठा अपघात झालेला नाही. आमच्या ऱ्हॉन्दातली शेवटची खाण, मार्डीची, डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. चाकं थांबली, माणसं मात्र तिथंच राहिली. तुमच्या मुलीच्या वॉर्डात येतील ती हीच माणसं, नाहीतर त्यांची मुलं.

मला तिथं जागा मिळाली त्याचं फार कौतुक नको. गोरे डॉक्टर त्या दऱ्यांत यायला नाखूश असत, म्हणून आम्हा भारतीयांची वर्णी लागली. जिथं आजार जास्त तिथं चांगली सेवा कमी, हा नियम ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. ते स्वतः ग्लिनकोरग नावाच्या खाणगावातच प्रॅक्टिस करत, त्यामुळे ऐकीव माहितीवर लिहिलेलं नव्हतं ते.

दवाखान्यात म्हातारा पेशंट शर्ट काढून बसला की पाठीवर, कोपरांवर निळ्या रेघा दिसायच्या. खाणीत खरचटलं की जखमेत कोळशाची भुकटी बसायची, वरून कातडी भरून यायची आणि ती रेघ गोंदणासारखी जन्माची राहायची. छातीचं विचारलं की उत्तर टक्क्यांत : "डॉक्टर, मला तीस टक्के धूळ आहे." सरकारी वैद्यकीय मंडळ फुप्फुसात साठलेल्या धुळीपायी किती अपंगत्व आलं ते ठरवायचं आणि भरपाई त्या आकड्यावर मिळायची. पन्नास टक्क्यांच्या पुढं गेलेल्याला जिना चढवत नसे. त्याची खाट खाली, रस्त्याकडच्या खोलीत आलेली असायची. आणि गंमत बघा, निवृत्त कामगाराला सरकारी कोळसा मंडळाकडून घरगुती कोळसा मिळायचा. त्याचा ढीग दारात ओतून गाडी निघून जायची, आणि ज्या कोळशानं छाती खाल्ली तो उचलून मागच्या अंगणात न्यायला त्याच्यात दम नसायचा. शेजारचं पोरगं न सांगता फावडं घेऊन यायचं.

हीच माणसं "माझ्या पोराला खाणीत उतरू देणार नाही" म्हणायची, आणि हीच माणसं खाणी बंद होऊ नयेत म्हणून मार्च १९८४ पासून वर्षभर संपावर बसली. मार्डीत एकानंही संप फोडला नाही. बायकांनी वर्गण्या काढल्या, शिध्याच्या पिशव्या भरल्या. मार्च १९८५ मध्ये हरून परत कामावर जाताना गावचा बँड पुढं आणि कामगार मागं, असे निघाले. लोक म्हणतात यात विसंगती आहे. मला नाही वाटत. पोरानं दुसरं काही करावं असं वाटायला आधी गावात दुसरं काही असावं लागतं. शिवाय वाचनालय, नाटकाचा हॉल, बँड, पुरुषांचं गायकवृंद पथक, सगळं त्यांनी आठवड्याच्या पगारातून पेनी-पेनी कापून उभं केलं होतं. मर्थरहून दोन दऱ्या ओलांडल्या की ट्रेडीगर लागतं. तिथं कामगारांच्या वर्गणीतून डॉक्टर, नर्स, औषधं असं सगळं चालायचं. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढं आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला त्यानं साऱ्या देशाला मोफत आरोग्यसेवा दिली. तुमची लेक पगार घेणार आहे तो याच सेवेचा.

एकच गोष्ट तिला आधी सांगून ठेवा. मर्थरच्या खालच्या अंगाला अबरव्हान आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी खाणीच्या कचऱ्याचा डोंगर पाणी धरून घसरला आणि शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. त्या कचऱ्याच्या ढिगाखाली झरे होते, आणि गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. पुढं उरलेले ढीग हलवायला सरकारनं लोकांच्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले, ते परत दिले १९९७ मध्ये. अजूनही मला हे लिहिताना संताप येतो. वॉर्डात कुणी त्या गावचं भेटलं तर तिनं आपणहून विषय काढू नये. ते बोलले तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावं.

बाकी डाळ, तांदूळ कार्डिफला मिळतात, रेल्वेनं तासाभराची वाट. कांदा-लसूण चटणी मात्र इथूनच द्या. तुम्ही भेटायला गेलात तर ब्लेनाव्हनची 'बिग पिट' बघा. १९८० मध्ये बंद झालेली ही खाण आता संग्रहालय आहे. डोक्याला दिवा लावून पिंजऱ्यातून नव्वद मीटर खाली नेतात, आणि मोबाइल, घड्याळ, काडेपेटी वरच काढून घेतात.

प्रश्न : वेल्समध्ये कामगारांनी बंद पडलेली खाण विकत घेऊन चालवली असं वाचलं. खरं आहे का? आमची गिरणी बंद पडली तेव्हा आम्हीही सोसायटी काढायचं म्हणत होतो. बैठका झाल्या, चहा झाले, पुढं काही नाही. आमचं कुठं चुकलं? (निवृत्त गिरणी कामगार, कोल्हापूर)

उत्तर : खरं आहे. हिरवाईनजवळची टॉवर खाण १९९४ मध्ये सरकारी मंडळानं बंद केली. २३९ कामगारांनी नोकरी गेल्याच्या भरपाईतून प्रत्येकी आठ हजार पौंड घातले आणि जानेवारी १९९५ मध्ये खाण स्वतःच्या मालकीची म्हणून उघडली. पुढारी होते टायरोन ओ'सुलिव्हन, युनियनचा माणूस. तेरा वर्षं चालली. जानेवारी २००८ मध्ये बंद झाली तीही काढण्याजोगा कोळसा संपला म्हणून.

पण दादा, हिशेब बघा. भरपाईची रोकड हातात पडलेली होती. जमिनीखाली माल होता. आणि अबरथॉचं वीजकेंद्र वेल्सच्या कोळशासाठीच बांधलेलं, म्हणजे गिऱ्हाईक दारात. तुमची देणीच अडकली असतील तर आठ हजार कुठून घालणार होता? यंत्रं जुनी, बाजारात इचलकरंजीचे माग समोर. सहकार आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको, उसाच्या पट्ट्यात आपण तो करून दाखवलाय. पण तिथं ऊस शेतकऱ्याचा स्वतःचा होता. तुमच्याकडे कसब सोडून स्वतःचं काय होतं? चुकलं-बिकलं मनातून काढून टाका.

प्रश्न : मिस्टर फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. वर्षभर कोरडा खोकला, दम लागतो. टीबी म्हणून औषधं झाली, तरी खोकला आहेच. खाणीतली धूळ आणि फाउंड्रीतली धूळ एकच का? (एक वाचक, शिरोली)

उत्तर : एक नाही, पण भावकीतलीच. मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते आणि ती फुप्फुसाला कोळशाहून वाईट. खडक फोडणाऱ्या खाणकामगारांनाही हीच बाधायची. त्यात सिलिकानं टीबी जडायची शक्यता वाढते, त्यामुळे एक्स-रे वाचताना गोंधळ होतो. एक आजार म्हणून दुसरा नाही असं धरू नका. १९५० च्या सुमारास आर्ची कॉक्रन या संशोधक डॉक्टरांनी आमच्या ऱ्हॉन्दाच्याच एका फाट्यात, ऱ्हॉन्दा फाखमध्ये, जवळजवळ अख्ख्या खोऱ्याचे छातीचे एक्स-रे काढले, ते टीबी आणि धूळ यांचं नातं शोधायलाच.

त्यांना छातीच्या तज्ज्ञाकडे न्या. काय काम करतात, किती वर्षं, वाळू कोरडी की ओली, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर विचारतीलच याची खात्री नसते. थुंकीची तपासणी पुन्हा करून घ्या. बसलेली धूळ निघत नाही, म्हणून त्या खात्यातून बदली मागणं हाच मोठा उपचार. तोवर एन-९५ मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. सिलिकोसिस कायद्यानं व्यवसायजन्य आजार धरला आहे, ईएसआयचं कार्ड असेल तर भरपाईचा अर्ज करता येतो. आणि जुने एक्स-रे गादीखाली असतील तर तेही काढून न्या. नवा जुन्याशेजारी धरला की बरंच कळतं.