सोप्यातलं शुभेच्छापत्र आणि साठ माणसांचं लग्न

प्रश्न : दिवाळीला घरच्या सगळ्यांचा फोटो घालून शुभेच्छापत्र छापतो. आम्ही नऊ जण, आजी पंच्याऐंशीच्या. मागच्या वर्षी मोबाइलवर चांगला दिसणारा फोटो छापून आला तो काळपट आणि धुरकट. काय चुकलं? यंदा मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत हवा आहे. (एक वाचक, नंदगड, ता. खानापूर)

उत्तर : काळपट आणि धुरकट हे दोन वेगळे दोष आहेत. धुरकटपणा बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपमधून येतो. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि बारकावे जातात. मुलाकडून तुम्हाला, तुमच्याकडून छापखान्याला असा दोनदा गेला तर आणखी जातात. सहा बाय चार इंचाच्या कार्डाला निदान १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

काळपटपणाचं कारण सोपं आहे : मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. मोबाइलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो बघा. तेव्हा चेहरे अंधारे वाटले तर ते छपाईत अंधारेच येणार. आधी थोडे उजळून घ्या. झेंडूचा भगवा आणि तोरणाची हिरवी पानं चार शाईंच्या छपाईत थोडी मळकी होतातच. म्हणून ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर एक नमुना काढून मागा आणि तो दिवसाउजेडी बघा.

आता फोटोची जागा. कौलारू घर असेल तर स्टुडिओची गरज नाही. सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, पुढच्या कडेला, कौलांच्या सावलीत, तोंडं अंगणाकडे करून बसा. अंगणातला मोकळा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखा पडतो आणि मागचं घर आपोआप गडद होतं. दोन हात आत सरकलात तर मात्र चेहरेही गडद होतात. सारवलेल्या अंगणातून परतणारा उजेड तपकिरी असतो, त्याने डोळ्यांखाली काळोखी येते. पायांपुढे, फोटोत येणार नाही अशी, पांढरी चादर अंथरा. आजींच्या डोळ्यांच्या खोबणीत उजेड पोचतो आणि चष्म्यामागचे डोळे दिसायला लागतात. एवढ्या एका चादरीने फोटो किती बदलतो ते एकदा अंथरून आणि एकदा उचलून बघाच.

नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पावणेपाच ते साडेपाच ही वेळ धरा. आजी मधे खुर्चीवर, पुढे एकूण चार, मागे पाच. नऊ जण एका ओळीत उभे केले की कार्डावर प्रत्येकाचा चेहरा वाटाण्याएवढा होतो. मोबाइल दुप्पट झूमवर ठेवून मागे सरका, कारण रुंद कोनात कडेची माणसं ताणलेली दिसतात. मोबाइल बसलेल्यांच्या छातीच्या उंचीवर, स्टुलावर टेकवून, दहा सेकंदांचा टायमर लावा. निदान पंचवीस फोटो काढा. नऊ जणांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. सगळ्यांना डोळे मिटायला सांगून 'तीन' म्हणताच उघडायला लावलं की तो त्रास बराच कमी होतो.

मोबाइलचा फोटो चारास तीन असतो आणि कार्ड तिनास दोन, म्हणजे वरखाली कात्री लागते. डोक्यांवर आणि पायांखाली मोकळी जागा सोडा. कापणीसाठी चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा छपाई द्या आणि अक्षरं कडेपासून पाच मिलिमीटर आत ठेवा.

दोन भाषांच्या मजकुरात फॉन्टचा घोटाळा होतो. तुमच्या संगणकावरचा कन्नड फॉन्ट छापखान्यात नसला की ओत्तक्षरं (अक्षराखाली जोडून येणारी व्यंजनं) सुटी पडतात, आणि मराठीत 'लक्ष्मी'सारखी जोडाक्षरं फुटतात. अक्षरांचे 'कर्व्ह' करूनच, म्हणजे फॉन्ट लागू नये म्हणून त्यांचं चित्रात रूपांतर करूनच, पीडीएफ द्या, आणि शेवटचा नमुना कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. न कळणाऱ्या लिपीतली चूक डोळ्याला दिसत नाही.

प्रश्न : मुलीचं लग्न घरापुढच्या मांडवात, साठ माणसांत करतोय. अक्षता दुपारी साडेबाराला. एक फोटोग्राफर पुरेल का? मांडवावर हिरवे फायबरचे पत्रे आहेत. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी पत्र्यांचं बघा, ते जास्त महत्त्वाचं आहे. हिरव्या पत्र्यातून आलेलं ऊन नवरीचा अर्धा चेहरा हिरवा करतं. बाजूला पिवळा बल्ब असेल तर उरलेला अर्धा पिवळा होतो. हे दोन रंग नंतर संगणकावर नीट सुटे होत नाहीत. एक सुधारला की दुसरा बिघडतो. पत्र्याखाली पांढरं कापड लावूनही उपयोग नाही, हिरवा उजेड त्यातून येतोच. बोहल्यावरचे तेवढे चार-पाच पत्रे काढा आणि तिथे पांढऱ्या मांजरपाटाचे दोन थर ताणून बांधा. उजेड मऊ आणि पांढरा होतो, ऊनही लागत नाही. रंगीत एलईडीच्या माळा हव्या तर पाठीमागे लावा, चेहऱ्यावर नकोत.

साठ माणसांना एक फोटोग्राफर आणि लाइट धरायला एक मदतनीस पुरतो, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी काही चालू नसावं. नवरीला मुंडावळ्या बांधणं आणि नवरदेवाचं आगमन यांत वीस मिनिटांचं अंतर ठेवा.

अक्षतांच्या वेळी फोटोग्राफर भटजींच्या बाजूला, अंतरपाटाच्या टोकाशी उभा हवा. तिथून दोघांचे चेहरे आणि मधलं कापड एकाच चौकटीत येतात. शेवटच्या 'सावधान'नंतर अंतरपाट क्षणात ओढला जातो आणि नेमके तेव्हाच नातेवाईक मोबाइल उंचावून पुढे येतात. भटजींना आणि मामांना ती जागा मोकळी ठेवायला आदल्या दिवशीच सांगा. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद हवं. १/६० ला तांदळाच्या दाण्यांच्या रेघा होतात. लेन्स फार उघडी ठेवली तर फोकस मुंडावळ्यांच्या मण्यांवर बसतो आणि मागचे डोळे मऊ पडतात, म्हणून लेन्सचं छिद्र एफ/४ च्या आसपास बरं. समोरून थेट फ्लॅश नको. अष्टपुत्रीचा पिवळा फिका पडतो आणि शालूची जर नुसती चकाकते. फ्लॅश वरच्या मांजरपाटावर मारा.

लाजाहोमाला वारा कुठून आहे ते बघून धूर ज्या बाजूला जात नाही तिथे उभं राहावं. धुरावर फ्लॅश पडला की पांढरा पडदाच दिसतो.

जमलेल्यांच्या फोटोंना एका गटामागे तीन मिनिटं धरा. बारा गट म्हणजे छत्तीस मिनिटं, आणि पंगत ताटकळते. यादी कागदावर लिहून ती सगळ्यांना ओळखणाऱ्या एका आत्याच्या हातात द्या. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेले गट आधी.

प्रश्न : लग्नाआधीचे फोटो किल्ल्यातल्या कमल बसदीपाशी काढता येतील का? ड्रोन चालेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : कमल बसदी हे जैन मंदिर पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. ट्रायपॉड, लाइट किंवा व्यावसायिक चित्रण असेल तर खात्याकडून आधी परवानगी घ्यावी लागते. शिवाय ते देवस्थान आहे, तेव्हा चपला आणि पोशाख सांभाळा. ड्रोनचा विचार सोडा. शहरात लष्कराची छावणी आहे आणि सांबऱ्याला विमानतळ; सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या नकाशावर झोन बघितल्याशिवाय इथे कुठेही ड्रोन उडवू नये.

प्रश्न : लग्नाचे सगळे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये आहेत. पुरेसं आहे ना? (एक वाचक, चंदगड रस्ता)

उत्तर : नाही. पेनड्राइव्ह न सांगता बंद पडतो. एक प्रत हार्डडिस्कवर, दुसरी दुसऱ्या घरात, आणि निवडक शंभर फोटो छापून. छापील अल्बम पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. ओलीने पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढून सोडवली की चेहऱ्यावरचा थरच निघून येतो. उभा ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि गणपतीनंतर उघडीप मिळाली की पानं उघडून सावलीत तासभर वारा लागू द्या.