समुपदेशनाला नव्याने बसणाऱ्या मैत्रिणीसाठी

प्रशिक्षणात तुला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा कलमांसकट शिकवतील, तो नीट समजून घे. पण समोर बाई येऊन बसली की आधी तिला पाणी दे, दार लोटून घे आणि तिच्यासोबत कोण आलंय ते बघ. नवरा किंवा सासू बाहेर बाकावर असेल, तर आवाज खालीच ठेव.

तिची हकीकत सरळ येणार नाही. तारखा चुकतील, मारहाणीचा दिवस ती मध्येच सोडून देईल, पुढच्या खेपेला वेगळंच आधी सांगेल. याला खोटं समजू नकोस गं! जबर धक्का बसलेल्या माणसाला पुष्कळदा तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. "इतकी वर्षं का सहन केलंस?" हे तर कधीच विचारू नकोस, त्यात दोष तिच्याच पदरात पडतो. त्याऐवजी, "आज घरी जायची भीती वाटतेय का?" असं विचार. गळा दाबला होता का, हेही स्पष्ट विचार. वळ दिसत नसला तरी आत इजा असू शकते, लगेच दवाखान्यात पाठव.

घरगुती घटना अहवालात, म्हणजे त्या कायद्याखाली हिंसेची नोंद करायच्या कागदात, तिचेच शब्द उतरू देत.

१९८४ मध्ये मुंबई पोलिसांत टाटा समाजविज्ञान संस्थेने महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तसे कक्ष आता राज्यभर आहेत; जवळच्या कक्षातल्या जुन्या ताईंशेजारी बसून काम बघ.

आणि ती परत सासरी जाते म्हणाली तर रागावू नकोस. कागदपत्रांच्या झेरॉक्स कुणाकडे ठेवायच्या, तातडीच्या मदतीचा ११२ नंबर कधी लावायचा, एवढं मात्र तिच्याशी ठरवूनच तिला निरोप दे.